कार्ड वाढवा

उमापूरच्या कुस्त्यांची छायाचित्रे घेऊन मंगळवारी दुपारी बीडहून निघालेले मेमरी कार्ड त्याच संध्याकाळी छापखान्याच्या गावी पोहोचले. तिथल्या संगणकात त्यातले एकही छायाचित्र उघडले नाही.

चैत्र चालू होता. नव्या शतकाची पहिलीच वर्षे होती. बीडमध्ये मोबाइल फोन मोजक्या खिशांत दिसत, एसटीडीच्या टपऱ्या अजून चालत, आणि ज्याच्याकडे डिजिटल कॅमेरा आणि संगणक दोन्ही आहेत असा फोटो स्टुडिओ आमच्या बाजारपेठेत एकच होता. कार्ड तिथूनच गेले होते.

मी तेव्हा एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. दैनिक दुसऱ्या जिल्ह्यात छापले जाई. पहाटे अंकांचे गठ्ठे घेऊन टेम्पो येई, तालुक्यांना माल टाकी आणि दुपारी रिकामा परत जाई. परतताना तो मांजरसुंब्याच्या एका धाब्यावर चहाला थांबे. बीडहून पाठवायचे जे काही असेल ते तिथे गाठून टेम्पोत द्यायचे, अशी पद्धत होती. पूर्वी फिल्मचे रोल जात. रोल तिकडे धुतले जात आणि दहातले दोन फोटो कामाचे निघत. त्या वर्षी कार्यालयाने रोल बंद करायचे ठरवले. फोन लाइनवरून मोठे छायाचित्र पाठवणे तेव्हा शक्य नव्हते. मध्येच लाइन तुटे. म्हणून कार्ड. ते अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे असे. दुपारी टेम्पोतून जाई आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंकांच्या गठ्ठ्यात बांधून परत येई.

स्टुडिओ एका लिंगायत कुटुंबाचा होता. मालकांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, सोमवारी उपवास, कार्तिकात पायी कपिलधारची यात्रा. त्यांचा मुलगा परळीला नोकरीत होता आणि सुटीलाच घरी येई. संगणक चालवायची सून. ती लातूरकडची, तिथेच संगणकाचा अभ्यासक्रम केलेली. लग्न होऊन आल्यावर तिनेच अप्पांना संगणक घ्यायला लावला होता. गल्ल्यावर अप्पांच्या पत्नी बसत. सून सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणे. आम्ही बाकीचे सासूबाईंना माय म्हणत असू.

अप्पांचा संगणकावर विश्वास बसलेला नव्हता. त्यांना झेरॉक्सचे यंत्र हवे होते आणि दुकानात एकाच यंत्राला जागा होती. त्यांनी सुनेला सरळ सांगितले होते, "पेपरचं काम मिळालं तर संगणक ऱ्हाईल. न्हाई मिळालं तर त्या जागी झेरॉक्स. मग तू दुकानात येऊन काय करनार? घर हायच."

सून त्यावर म्हणाली होती, "मिळंल, मामा."

पेपरचे काम म्हणजे जिल्ह्यातल्या छायाचित्रांचे काम. ते या स्टुडिओला द्यायचे की नाही, हे चैत्रातल्या त्या आठवड्यात ठरणार होते. गुरुवारी जिल्ह्याची पुरवणी निघे. तिची छायाचित्रे बुधवारी संध्याकाळपर्यंत पोहोचली, तर काम स्टुडिओचे.

अडचण वेगाची होती. खेड्यांतून स्टुडिओचा छायाचित्रकार दुपारी परते. तो तलवाड्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, तिशीतला माणूस, आणि मोठ्याने बोलणारा. त्याच्या कॅमेऱ्यातली छायाचित्रे सून संगणकात घेई, निवडे, उजळ-अंधार सारखा करी आणि दुसऱ्या कार्डावर उतरवी. छापखान्याला छायाचित्रे मोठ्या आकाराची लागत. ती कार्डावर उतरायला इतका वेळ जाई की मांजरसुंब्याला टेम्पोवाल्याचा चहा संपून जाई. त्याआधी एकदा तसे झाले होते. टेम्पो थांबला नव्हता.

सोमवारी सुनेने त्यावर उपाय केला. मी तेव्हा दुकानात होतो. अप्पा उपवासाचे म्हणून केळी खात बसले होते आणि छायाचित्रकार कॅमेऱ्याचे भिंग पुसत होता. कार्ड ज्या छोट्या डबीत खुपसत, त्या डबीचे नाव तिने संगणकाच्या यादीत शोधले. यंत्राला ही डबी चालवायला शिकवणारी जी आज्ञावली असते तिला ड्रायव्हर म्हणतात. त्या ड्रायव्हरचे पान तिने उघडले. पानावर दोन गोल होते. पहिल्यापुढे इंग्रजीत लिहिले होते, त्याचा अर्थ असा की कार्ड केव्हाही झटकन काढता यावे. दुसऱ्यापुढे, काम वेगाने व्हावे. मात्र कार्ड काढण्याआधी यंत्राला तसे सांगावे. ठिपका पहिल्या गोलात होता. तिने तो दुसऱ्यात नेला.

"ह्याच्यानं काय झालं?" अप्पांनी विचारले.

"मामा, मोंढ्यात पोती उतरतात तसं हाय हे. आत्तापर्यंत कसं होतं, हमालानं एक पोतं गोदामात आत नेऊन ठिवायचं, परत यायचं, मग दुसरं. तवर गाडी उभीच. आता पोती ओट्यावर उतरवायची आन् गाडी मोकळी करायची. हमाल मागून आत नेत बसतो."

"आन् पोती ओट्यावर असताना पाऊस आला म्हंजे?"

"ओटा मोकळा झाल्याबिगर गोदामाचं दार लावायचं न्हाई. तेवढं पाळायचं."

"कोन पाळनार?"

"मीच की. मीच बसते ना हितं."

तिने लगेच चाचणी घेतली. पडद्यावरची हिरवी पट्टी पूर्वी रांगत असे. आता सरसर भरली. छायाचित्रकार उठून उभा राहिला.

"आयला! वहिनी, म्हंजे वेग वाढवला म्हना की कार्डाचा!"

"वाढवला," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी उमापूरला फडाच्या कडेला बसल्या बसल्या छायाचित्रकाराने ही बातमी निदान तीन अनोळखी माणसांना सांगितलेली मी ऐकली. "आमच्या कार्डाचा वेग वाढवलाय कालच. लई फरक पडला." एका म्हाताऱ्या पहिलवानाने त्याला विचारले की रेशनकार्डाचे बी असे करून मिळते का.

कुस्त्या चांगल्या झाल्या. शेवटची कुस्ती चीतपट झाली तो क्षण त्याला नेमका मिळाला. वरच्या मल्लाचे दोन्ही पाय हवेत होते. आम्ही दुपारी बीडला आलो. सून कामाला बसली. मी दुकानाच्या ओट्यावर बातमी लिहायला बसलो, कारण आत पंखा एकच होता आणि तो संगणकाकडे वळवलेला असे. काळी-पिवळी जीप समोर लागली. जीपवाला रोजच मांजरसुंब्याला भाडे मारी आणि जाता जाता आमचे पाकीट नेई. त्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने छायाचित्रकार कार्डाचे पाकीट घेऊन आतून धावत आला, जीप निघाली. आत काय बोलणे झाले ते हॉर्नमुळे मला ऐकू आले नाही.

टेम्पो गाठला गेला. जीपवाला परत आल्यावर त्याने सांगितले की टेम्पोवाल्याच्या बशीत अजून चहा होता. अप्पांनी सगळ्यांना चहा पाजला. सुनेने स्वतःचा कप हातात घेतला तेवढ्यात फोन वाजला. तो माझ्यासाठी होता, विभागीय कार्यालयातून. पुरवणी पाहणारे गृहस्थ बोलत होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात होते. कार्डावर सगळ्या छायाचित्रांची नावे दिसतात, उघडत एकही नाही. तुमच्याकडचा ड्रायव्हर तपासा. उद्या संध्याकाळपर्यंत आले तर ठीक, नाही तर रोल पाठवत जा, धुण्याची सोय आम्ही बाहेर करू.

मी फोन ठेवून जसेच्या तसे सांगितले. ड्रायव्हर हा शब्द आला तसे अप्पा जीपवाल्याकडे वळले.

"कावून बे, कार्ड कुठं ठिवलं होतंस?"

"वरच्या खिशात, अप्पा."

"तंबाखूच्या पुडीसंगं?"

"तंबाखू खालच्या खिशात! आईची आन. मांजरसुंब्यापातुर खिशावर हात ठिवून एका हातानं गाडी हाकली. पॅसेंजर बोंबलायलते."

"मामा, ह्यो ड्रायव्हर न्हाई," सून म्हणाली. "यंत्रातला."

"यंत्रात बी ड्रायव्हर हाय?" जीपवाल्याने विचारले. "त्याला काय भत्ता-बित्ता?"

कोणी हसले नाही. अप्पांनी कप खाली ठेवला. "काल तू ते गोल बदललं. आज ही बला. आधीचं काय वाईट होतं? ते पहिल्यासारखं कर."

"पहिल्यासारखं केलं तर उद्या टेम्पो चुकंल," सून म्हणाली. "उद्या तलवाड्याची मोसंबीची छायाचित्रं यायचीत दुपारी. आन् उद्या चुकला म्हंजे झेरॉक्सच."

"मग काय झालं ते सांग. काय झालं हे कळल्याबिगर मी परत त्या गोलाला हात लावू देनार न्हाई."

ती मागणी रास्त होती. सुनेने संगणकात पाहिले. मूळ छायाचित्रे सगळी जागेवर होती. बिघडली होती ती फक्त कार्डावर उतरलेली. तिने दुसऱ्या कार्डावर तीच पुन्हा उतरवली, काढली, परत घालून पाहिली. सगळी उघडली. म्हणजे यंत्र ठीक होते. दुपारी त्या कार्डाचे वेगळे काय झाले, एवढेच शोधायचे राहिले.

अशा वेळी काय करतात ते मला ठाऊक होते. अपघाताच्या बातमीत जसे करतो तसे मी दोघांना वेगवेगळे विचारले, नेमके कोणते शब्द कोण बोलले. छायाचित्रकाराला ओट्यावर घेऊन गेलो. तो म्हणाला, "वहिनी फोनवर होत्या, पेपरवाल्यांना फोटोखालच्या ओळी सांगत. पट्टी भरली. जीपवाला बोंबलत होता. वहिनी फोनवर हात ठिवून म्हनल्या, कार्ड वाढवून घ्या. मी म्हनलं, वाढवलंय की. त्या म्हनल्या, बरं. मी घेतलं आन् पळालो."

मग आत येऊन सुनेला विचारले. ती म्हणाली, "मी फोनवर होते. माझी पाठ होती. मी म्हनलं, कार्ड वाढवून घ्या. ते म्हनले, वाढवलंय. मी म्हनलं, बरं."

दोन्ही जबाब शब्दशः जुळत होते. जबाब जुळत नसले तर पुढे विचारता येते. जुळल्यावर माझ्याजवळ विचारायला काही उरले नाही. मी तसे अप्पांना सांगितले.

दिवेलागण झाली होती. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, गल्ल्यापाशी आल्या, किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि म्हणाल्या, "चला आता. दुकान वाढवा."

छायाचित्रकाराला राहवत नसे. "आनखी कुठं वाढवता, माय? पाय ठिवायला जागा न्हाई!"

हा विनोद तो दर दोन दिवसांनी करी. सासूबाई दर वेळी त्याला "मुडद्या" म्हणत. या वेळीही म्हणाल्या. पण सून खुर्चीतून उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमी दुपारी काय वाढवलं होतं?"

"म्हंजे?"

"मी म्हनलं कार्ड वाढवा. तुमी म्हनलात वाढवलंय. काय वाढवलं होतं?"

"वेग! काल तुमीच न्हाई का वाढवला? तुमी म्हनल्या वाढवून घ्या, मी म्हनलं कालच वाढवलाय."

 सुनेने कपाळाला हात लावला.

त्या दुकानात 'बंद' हा शब्द बोलायची चाल नव्हती. दुकान बंद करायचे नसते, वाढवायचे असते. दिवा, शटर, गल्ला, सगळे वाढवायचे. सूनही व्यापाऱ्याच्या घरची, तिला यात वेगळे काही वाटत नसे. संगणक आला तेव्हा तोही संध्याकाळी वाढवला जाऊ लागला. कार्ड काढण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातल्या खुणेवर टिचकी मारून यंत्राला कार्डाचे काम संपवायला सांगायचे, याला ती मनातल्या मनात कार्ड वाढवणे म्हणत होती. मोठ्याने तो शब्द तिने मंगळवारी पहिल्यांदा वापरला. पट्टी भरली होती, म्हणजे पोती ओट्यावर उतरली होती. आत गेली नव्हती. छायाचित्रकाराने कार्ड उपसले तेव्हा ती ओट्यावरच होती.

"पन डबीचा दिवा?" ती स्वतःशीच म्हणाली. "आत नेत असताना दिवा लुकलुकतो. तो कसा दिसला न्हाई तुमाला?"

सगळे डबीपाशी गेलो. पाडव्याला यंत्रांची पूजा झाली होती. कॅमेरा, संगणक, फोन, गल्ला, सगळ्यांना सासूबाईंनी भस्माचे तीन पट्टे ओढले होते. डबी लहान. तिचा दिवा नेमका मधल्या पट्ट्याखाली आला होता.

सासूबाईंनी पदराचे टोक ओले केले आणि तेवढा दिवा पुसला. बाजूचे भस्म तसेच ठेवले. "देव काय दिव्याला झाकीत न्हाई," त्या म्हणाल्या. "माजाच हात जड."

अप्पांना कारण पटले. गोल दुसराच राहील, हे त्यांनी मान्य केले. अट एक घातली. "हा वाढवा-बिढवा शब्द कार्डाला न्हाई. दुसरा काडा."

"बंद करा म्हनू," छायाचित्रकार म्हणाला.

"ह्या उंबऱ्याच्या आत न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"काढा म्हनू?"

"काढा म्हनलं की तुमी काढनार," सून म्हणाली. "तेच तर नकोय."

"मग विसर्जन म्हनतो!"

"मुडद्या!"

सुनेने सुचवले की ओटा झाडला का, असे विचारावे. जीपवाल्याला ते आवडले. सासूबाईंना नाही. दिवेलागणीनंतर झाडू हातात घेत नाहीत, आणि उन्हाळ्यात काम कधी कधी दिवेलागणीपर्यंत लांबते. त्याच शेवटी म्हणाल्या, "तू काल ह्यांना काय सांगत व्हतीस मोंढ्याचं? ओटा मोकळा झाला का, असं इचारा की सरळ. त्यात काय वंगाळ न्हाई."

ते ठरले. जीपवाल्यालाही सांगितले, कारण हॉर्न त्याच्या हातात होता. त्याने विचारले की ओटा कोणता. अप्पांनी त्याला पोत्यांचे सगळे पहिल्यापासून समजावून सांगितले. त्यात हमाल, गाडी आणि पाऊस होता. कार्डाचा उल्लेख नव्हता. जीपवाला म्हणाला, समजले.

बुधवारी छायाचित्रकार तलवाड्याहून उशिरा आला. मोसंबीच्या बागेतली त्याची छायाचित्रे भरपूर होती, सावलीतली, म्हणून काळपट. ती उजळायला वेळ लागला. कुस्त्यांची छायाचित्रे तयारच होती. फोटोखालच्या ओळी उतरवून घ्यायला विभागीय कार्यालयाचा फोन आला तेव्हा सून उठली नाही. ओळी मी सांगितल्या. जीप समोर लागली. पट्टी भरायला लागली.

हॉर्न वाजला.

"ओटा मोकळा झाला का?" छायाचित्रकाराने विचारले.

"न्हाई."

पट्टी भरून नाहीशी झाली. सुनेने कोपऱ्यातल्या खुणेवर टिचकी मारली. डबीवरच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये लहानसा तांबडा दिवा लुकलुकत होता. पुन्हा हॉर्न वाजला.

"आता?"

"न्हाई."

"वहिनी, पॅसेंजर उतरायलेत."

"उतरू द्या."

अप्पा उठले, चपला न घालता रस्त्यावर गेले आणि जीपच्या बॉनेटवर तळहात टेकून उभे राहिले. ऊन होते. बॉनेट तापलेले असणार. जीपवाल्याने हॉर्नवरचा हात काढला.

"काय अप्पा?"

"ओटा मोकळा होऊ दे."

"हौ, हौ. पोती आत जाऊ द्या," जीपवाला म्हणाला, आणि मागे वळून पॅसेंजरांना म्हणाला, "थांबा बे, आत हमाल कामाला हाय."

दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. पडद्यावर आता कार्ड काढायला हरकत नाही असा चौकोन आला. सुनेने तो पूर्ण वाचला, स्वतःच्या हाताने कार्ड काढले, पाकिटात घातले आणि छायाचित्रकाराच्या हातात दिले. "झाला," ती म्हणाली.

जीप मांजरसुंब्याला पोहोचली तेव्हा टेम्पोवाला बिल देत होता. जीपवाल्याने कार्ड त्याच्या हातात दिले आणि पावती म्हणून त्याच्याकडची बिडी घेतली, असे त्याने नंतर सांगितले.

त्या संध्याकाळी दुकानात कोणी शटरकडे पाहिले नाही. सासूबाईंनी किल्ल्या उचलल्या आणि पुन्हा ठेवल्या. फोन वाजला तेव्हा अप्पांनी तो स्वतः उचलला, ऐकले आणि माझ्याकडे न देता खाली ठेवला.

"उघडली," ते म्हणाले. "सगळी."

गुरुवारच्या पुरवणीत पहिल्या पानावर उमापूरची शेवटची कुस्ती आली, पानभर. आतल्या पानावर तलवाड्याची मोसंबी. कार्ड त्याच गठ्ठ्यात बांधून परत आले होते. अप्पांनी अंक घेतला, मल्लाच्या हवेतल्या पायांपासून छायाचित्र पाहत खाली आले, आणि तळाशी बारीक अक्षरात छापलेले स्टुडिओचे नाव दोनदा वाचले. सुनेने कार्ड डबीत घातले आणि दिवसाचे काम सुरू केले.

जिल्ह्याच्या छायाचित्रांचे काम पुढच्या आठवड्यापासून त्या स्टुडिओकडे आले. ड्रायव्हरच्या पानावरचा ठिपका दुसऱ्या गोलातच राहिला.

झेरॉक्सचे यंत्र पावसाळ्याआधी आले. आत जागा नव्हती. ते ओट्यावर ठेवण्यात आले.